नाईक आणि नायकीण

फलटण म्हटले की नाईक निंबाळकर हे नाव पाठोपाठ येते. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. १९४८ साली फलटण संस्थान विलीन झाले तरी नाईक हा किताब गेला नाही. आजही तो कोनशिलेवर, शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर आणि मतपत्रिकेवर दिसतो. आणि हा किताब फक्त राजघराण्याचा नाही. इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला रामोशी समाजाचा उमाजी, त्यालाही लोक नाईकच म्हणतात. फौजेत नाईक ही हुद्द्याची पायरी आहे. महार पलटणीतल्या कितीतरी जवानांनी ती चढली आहे. म्हणजे राजापासून शिपायापर्यंत, जातीच्या उतरंडीत वर असो की खाली, नाईक हा शब्द पुरुषाला उंची देतो.

आता शाळेतल्या पोराला सांगा, नाईक शब्दाचे स्त्रीलिंग कर. व्याकरणाच्या नियमाने तो लिहील, नायकीण. गुरुजींना त्याला चूक देता येणार नाही. पण फलटणच्या वाड्यातल्या स्त्रीला कोणी नायकीण म्हटले असते का? तिथे राणीसाहेब. नायकीण म्हणजे कोठ्यावरची, नाचगाण्यावर जगणारी, पैसेवाल्याने ठेवलेली बाई. जुने मराठी कोश उघडा, हाच अर्थ मिळेल. एकच मूळ, एकच प्रत्यय. पुरुषाच्या अंगावर शब्द गेला की दरबार होतो आणि बाईच्या अंगावर आला की बाजार होतो.

हा भाषेतला अपघात आहे असे कोणी म्हणेल. एक शब्द असता तर आम्हीही मान्य केले असते.

कुणबी घ्या. जमीन कसणारा, शेताचा धनी, गावगाड्यातला मानाचा माणूस. गेली काही वर्षे कुणबी नोंदीसाठी महाराष्ट्रात केवढे रण माजले आहे ते वाचक पाहतच आहेत. जुने दफ्तर उचकून, मोडी वाचणारे शोधून लोक आजोबा-पणजोबांच्या नावापुढे 'कुणबी' सापडते का ते पाहतात. त्याच काळाच्या पेशवाई दफ्तरात 'कुणबीण' हा शब्दही आहे. तिचा अर्थ कुणब्याची बायको असा घेऊन वाचायला गेलात तर फसाल. पेशवाईतली कुणबीण म्हणजे विकत घेतलेली गुलाम बाई. दुष्काळात विकली गेलेली, लुटीत पकडलेली, 'बदकर्म केले' म्हणून सरकारजमा झालेली. ती वाड्यावर राबायची, तबेल्यात राबायची, आणि मालकाला वाटले तर कोणाला बक्षीसही दिली जायची. कुणबी नोंद शोधणाऱ्यांपैकी कोणी या कुणबिणींची नोंद शोधल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

फलटणच्या वाटेवरचा तिसरा शब्द पाहा. आषाढीला आळंदीहून निघालेली पालखी जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते. त्यातली जेजुरी ही वाघ्या-मुरळीची. वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला मुलगा. मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली मुलगी. नवस एक, देव एक, भंडारा एक. पण वाघ्या लग्न करतो, पोरेबाळे वाढवतो, जागरणाचे मानधन घेऊन घरी जातो. मुरळीचे लग्न देवाशी लागलेले, म्हणून माणसाशी लागायचे नाही. देवाची म्हणजे कोणाचीच नाही, आणि कोणाचीच नाही म्हणजे गावातल्या पैसेवाल्या प्रत्येकाची. 'मुरळी' हा शब्द शिवीसारखा वापरतात, 'वाघ्या' तसा वापरत नाहीत. आणि मुरळ्या कोणाच्या घरातून जात होत्या? बहुतेक आपल्याच वस्तीतून. 'देवदासी'लाही जोडीचा पुरुष नाही. पुरुष देवाचा दास झाला की तो संत होतो, त्याच्या नावापुढे समर्थ लागते. बाई देवाची दासी झाली की तिच्यासाठी सरकारला १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा करावा लागतो, आणि तो पुरला नाही म्हणून महाराष्ट्राला २००५ चा कायदा करावा लागतो.

या शब्दांविरुद्धचे पहिले बंड आपल्याच माणसांनी केले, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या प्रथेवर हल्ला चढवला. मुरळ्यांची लग्ने लावून देण्याची मोहीम त्या काळात उभी राहिली. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या भगिनींची सभा घेतली. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना गोंजारले नाही. हे जिणे सोडा, असे तोंडावर सांगितले. ती भाषा कठोर होती आणि आज काही अभ्यासक भगिनी तिच्यावर प्रश्न विचारतात. विचारू द्यावेत. पण एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ज्यांना सारा गाव रात्री हाक मारत होता आणि दिवसा ओळख देत नव्हता, त्यांना सभेचे निमंत्रण देऊन, समोर बसवून, समाजाचा भाग म्हणून बोलणारा तो पुढारी होता.

मराठी भाषाच मुळात बाईचा अपमान करणारी आहे, असा याचा अर्थ नाही. फलटण हे महानुभाव पंथाचे तीर्थ. पंचकृष्णांपैकी चक्रपाणींचा जन्म इथला. तेराव्या शतकातल्या चक्रधरांच्या परिवारातल्या स्त्रियांची नावे पाहा : बाइसा, आबाइसा, महदाइसा. नावाला जोडलेले हे शेपूट आदराचे आहे. मराठीची आद्य कवयित्री महदंबा म्हणजे हीच महदाइसा. त्या परिवारात बाईने प्रश्न विचारला तर उत्तर मिळे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मराठीला बाईला मान देणारा प्रत्यय ठाऊक होता. मग आज त्याच 'बाई' शब्दाचे काय झाले? शाळेत शिकवते ती बाई, भांडी घासते ती बाई आणि 'बाई ठेवली', 'बाई नाचवली' यातलीही बाई. पुरुषाचे शब्द मात्र वेगवेगळे राहिले : गुरुजी, गडी, शौकीन.

भाषा कोणाच्या तोंडी कशी असते याचा अभ्यास फलटणमध्येच झाला आहे, हेही सांगून टाकतो. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली. जात आणि शिक्षण यांप्रमाणे एकाच गावातले बोलणे कसे बदलते, हा त्यांचा विषय. नंतर त्या तिथेच राहिल्या आणि दलित वस्तीतल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यापासून त्यांचे शाळेचे काम उभे राहिले. आपल्या पोरांच्या 'पानी'ला अशुद्ध म्हणणारे मास्तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. भाषेतही सोवळे-ओवळे असते ते असे. कोल्हापूर-बेळगावकडच्या बायाबापड्या 'मी येतो, मी जातो' म्हणतात, त्यालाही पुण्याचे लोक हसतात. आम्हाला तर ते ऐकायला बरे वाटते.

आता -ईण लागलेले बाकीचे शब्द भराभर पाहू. पाटलीण, सुभेदारीण, कारभारीण, वकिलीणबाई, डॉक्टरीणबाई. यातली एकही मूळची हुद्देदार नाही. सगळ्या हुद्देदाराच्या बायका. बाई स्वतः डॉक्टर झाली तेव्हा भाषेची पंचाईत झाली. बाई स्वतः सरपंच झाली तेव्हा गावाने तोड काढली आणि तिच्या नवऱ्याला 'सरपंचपती' केले. राष्ट्रपती या शब्दाचा गोंधळ तर सगळ्या देशाने पाहिला. प्रतिभाताई पाटील २००७ साली त्या पदावर गेल्या तेव्हा त्यांना काय म्हणायचे यावर चर्चा झडल्या. २०२२ साली द्रौपदी मुर्मू यांना एका खासदाराने 'राष्ट्रपत्नी' म्हटले आणि संसद बंद पडली. त्यांनी जीभ घसरली म्हणून माफी मागितली. जीभ घसरली खरी, पण घसरायला उतार आधीपासून होता. पती म्हणजे स्वामी, मालक. म्हणून सेनापती, कुलपती, लक्षाधिपती. पत्नी शब्दाने असे एकही पद तयार होत नाही. एका आदिवासी स्त्रीला देशाचे सर्वोच्च पद मिळाले तरी शब्द तिला कोणाची तरी बायको करायला टपलेला.

आपल्या घरातही डोकावू. बाबासाहेबांच्या नावाआधी आपण डॉक्टर लावतो, आणि लावलेच पाहिजे. माईसाहेबांनी वैद्यकीची पदवी घेतली होती, लग्नाआधीपासून त्या डॉक्टर होत्या. आपल्या किती सभांमध्ये त्यांचा उल्लेख डॉ. सविता आंबेडकर असा झाला?

आतापर्यंतचे शब्द जोडीचे होते. त्यांचा डाव निदान दिसतो. जास्त धोक्याचे शब्द वेगळेच आहेत. ते बाईला आणि पुरुषाला एकच असतात, अक्षरही बदलत नाही. बदलतो तो फक्त अर्थ.

अब्रू. पुरुषाची अब्रू गेली तर तो अब्रूनुकसानीचा दावा लावतो आणि भरपाई मागतो. बाईची 'अब्रू लुटली' म्हणजे तिच्यावर बलात्कार झाला. गुन्हा दुसऱ्याने केला आणि अब्रू तिची गेली! चोरी झाली तर चोराची अब्रू जाते, घरमालकाची नाही. इथे मात्र उलटे.

विनय. 'विद्या विनयेन शोभते' हे पुरुषाच्या विनयाबद्दल. तो नम्रपणा आहे, शोभा आहे. बाईचा विनय कायद्याच्या कलमात आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचे ३५४ कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७४ झाले. आकडा बदलला, पण बातमीत शब्द तोच : विनयभंग. काचेच्या भांड्यासारखा भंगणारा हा विनय. बौद्धांना वेगळे सांगायला नको की 'विनय' हे तिपिटकातल्या एका पिटकाचे नाव आहे. विनयपिटक म्हणजे संघाची शिस्त. त्यात भिक्खूंचे नियम आहेत आणि भिक्खुणींचेही. (भिक्खुणींचे नियम संख्येने जास्त का, हा प्रश्न उरतोच. तो इथे सोडवत बसत नाही.) पण विनय पाळायचा दोघांनी, आणि मोडला तर जाब मोडणाऱ्याला. ज्याने हात टाकला त्याचा विनय भंगला, असे आपली भाषा कधी म्हणेल?

चारित्र्य. नोकरीला लागताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा लागतो. त्यात काय बघतात? गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का. पुरुषाचे चारित्र्य म्हणजे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत नाव नसणे. आणि रोजचा पेपर उघडा, कुठला तरी मथळा हमखास असतो : चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून. असा खून ज्याने केला त्याचे चारित्र्य काय, हे मथळा विचारत नाही. 'पतीच्या चारित्र्याच्या संशयावरून' हे शब्द तुम्ही कधी छापलेले पाहिलेत? आम्ही तरी पाहिले नाहीत. नवरा बाहेर जात असेल तर त्याला बाहेरख्याली म्हणतात. ख्याली शब्दात थोडी खुशालीसुद्धा ऐकू येते. रंगेल, शौकीन, दिलदार असे आणखीही लाडाचे शब्द आहेत. बाईसाठी लाडाचा एकही नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच फलटणमध्ये एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल, त्यावर इथे काही बोलायचे नाही. पण पहिले काही दिवस उलटताच चर्चेची गाडी कुठे वळली ते आपण पाहिले आहे. तिने कोणाला काय संदेश पाठवले, कोणाशी किती बोलली, यावर पडद्यावर तावातावाने बोलणे सुरू झाले. मेलेल्या बाईलाही चारित्र्याचा दाखला आणावा लागतो. तो कोणत्या पोलीस ठाण्यातून आणायचा?

हे नुसते शब्दांचे दुखणे नाही. शब्दाने खटला फिरतो. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना ठेचून मारले. सुरेखाताईंनी शेतातून रस्ता काढायला विरोध केला होता. एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी साक्ष दिली होती. पोरांना शिकवत होत्या, मान वर करून चालत होत्या. जातीच्या डोळ्यात खुपायला एवढे पुष्कळ. पण हत्याकांडाची बातमी बाहेर आली तेव्हा तिच्या आधी कोणते दोन शब्द धावत आले? 'अनैतिक संबंध.' गावकऱ्यांना म्हणे अनैतिक संबंधांची चीड आली होती! म्हणजे मारणारे नीतिमान आणि मारली गेलेली अनैतिक. या दोन शब्दांनी जातीचा खून नीतीचा राग करून टाकला. पुढे २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती फाशी जन्मठेपेवर आणली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही, ना खाली ना वर. कोर्टाने सूड म्हटले, जात म्हटले नाही. भय्यालाल भोतमांगे २०१७ साली न्यायाची वाट पाहतच गेले. एखाद्या सवर्ण पुरुषाचा त्याच्या गावाने असा खून केला असता, तर त्याच्या बायकांची यादी आधी तपासली गेली असती का?

सुरेखाताईंवर तो शब्द इतक्या सहज का चिकटला, हे समजायला नायकीण, कुणबीण, मुरळी यांच्याकडे परत जावे लागते. ज्या समाजाच्या बायकांना शेकडो वर्षे या नावांनी हाक मारली गेली, त्या समाजाच्या बाईबद्दल असा शब्द उच्चारला की पुरावा मागायची गरजच पडत नाही. ऐकणाऱ्याचे कान आधीच तयार असतात. सवर्ण बाईला चारित्र्य जपावे लागते. ते ओझे तिलाही जाचक आहे, हे खरेच. पण दलित बाईला चारित्र्य असते हेच आधी सिद्ध करावे लागते. दोघींच्या दुःखाला एक नाव देणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले ते याच दुहेरी मापावर चिडून. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले होते. ताराबाईंनी विचारले ते एवढेच की, जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय? पुरुषांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्यांच्या बाजूने 'सत्सार'मधून उभे राहिले ते जोतीराव फुले. जोतीरावांच्या लिहिण्यात एक गोष्ट नेहमी दिसते. हक्कांबद्दल लिहिताना ते नुसते 'मनुष्य' म्हणून थांबत नाहीत, 'स्त्रीपुरुष' म्हणतात, आणि स्त्री आधी म्हणतात. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. सावित्रीबाईंचे नायगावही याच जिल्ह्यातले. दोन्ही गावे फलटणच्या आसपासच्या तालुक्यांतली.

न्यायालयांनाही हे सुचायला वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात बाईसाठी 'ठेवलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला, तेव्हा इंदिरा जयसिंग यांनी भर कोर्टात आक्षेप घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढून असे शब्द टाळायला सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातले 'अनौरस पत्नी' आणि 'एकनिष्ठ रखेल' अशा अर्थाचे शब्द स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारे आहेत, असे स्पष्ट म्हटले. चांगले झाले. पण 'ठेवलेली' हा शब्द निकालातून गेला तरी गावातून गेलेला नाही, आणि ठेवणाऱ्याला अजून नावच मिळालेले नाही. 'टाकलेली' याचेही तेच. सांगली-सातारा भागात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता बायकांना संघटित केले, त्यांच्या नावाच्या रेशनकार्डासाठी झगडा केला. परित्यक्ता हा शब्द 'टाकलेली'पेक्षा सभ्य आहे. पण टाकणारा तसाच बिननावाचा. तो दुसरे लग्न करून पुन्हा 'नवरदेव' होतो.

विधवेचे पाहा. 'रांड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, विधवा आणि वेश्या. नवरा मेल्यावर बाईचे काय होते, याबद्दल समाजाचे मत त्या एका शब्दात आले. पुरुषाची बायको मेली तर तो विधुर, आणि तो शब्दसुद्धा फॉर्म भरण्यापुरता. दुसरे लग्न ठरले की बिजवर. त्याच्या नावापुढचे 'श्री.' कुमारपणी श्री., लग्नानंतर श्री., बायको गेल्यावरही श्री. बाईचे मात्र कु., मग सौ., मग गं. भा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर गावांना तसे करायला सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितला! ओरड झाली, तेव्हा निर्णय झालेला नाही, ही फक्त चर्चा आहे, असे त्यांनी सांगितले. नवरा मेलेल्या बाईला दोन नद्यांची नावे द्यायची आणि सन्मान झाला म्हणायचे. बायको मेलेल्या पुरुषाला ब्रह्मपुत्र म्हणा, मग बघू.

तेव्हा या प्रस्तावावर आपण सगळे हसलो, लेख लिहिले. आता आपल्या लग्नपत्रिका काढून बघा. वर तथागत आणि बाबासाहेब, खाली 'मंगल परिणय'. मुलाच्या नावापुढे चि., मुलीच्या नावापुढे चि. सौ. कां. निमंत्रकांत आयु. अमुक आणि सौ. तमुक. वडील वारले असतील तर त्यांना 'कालकथित' लिहायचे भान आहे, कैलासवासी लिहीत नाहीत, कारण कैलास आपण सोडला. आणि त्याच ओळीखाली आईच्या नावापुढे गं. भा. कैलास सोडला, पण गंगा आणि भागीरथी आईच्या डोक्यावर ठेवून दिल्या. छापखानेवाल्याला दोष देऊ नका. तो वहीतला नमुना लावतो. पत्रिका छापायला टाकण्याआधी नजर टाकणारा आपणच असतो.

खरे तर महाराष्ट्रात समान जोडी कोणाकडे असेल तर ती आपल्याकडे आहे. आयुष्मान आणि आयुष्मती. दोघांनाही दीर्घायुष्याची इच्छा, आणि लग्न झाले की नाही, जोडीदार आहे की गेला याची चौकशी नाही. उपासक-उपासिका तसेच. १९५६ नंतर आलेल्या या शब्दांनी आपल्या माणसांची ओळखच बदलली. गावात ज्याला 'ए' म्हणून हाक होती तो आयुष्मान झाला. पण बायकांच्या बाबतीत आपण अर्ध्यावर थांबलो. स्टेजवर तो आयुष्मान आणि ती अजून सौ.

'शील' शब्दाचेही तसेच. बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील, करुणा ही त्रयी दिली ती दोघांना. पंचशील आपण विहारात एकत्र म्हणतो. कामवासनेच्या गैरवर्तनापासून दूर राहण्याचे तिसरे शील पुरुषही त्याच तोंडाने, त्याच शब्दांत म्हणतो. त्यात पुरुषाला सूट दिलेली नाही. मग विहाराबाहेर आल्यावर शील फक्त बायकांचे कसे उरते? 'शील लुटले' हा शब्द आपल्याच पत्रकांत येतो. शील ही लुटता येणारी वस्तू असेल, तर बुद्धाने ती पाळायला कशाला सांगितली?

आणि मोर्चे. अधिकारी दाद देत नाही म्हणून त्याला बांगड्यांचा आहेर द्यायचा, हा प्रकार आपल्या मोर्च्यांतही होतो. माईकवरून 'बांगड्या भरा' म्हणून ओरडायचे आणि समोर बांगड्या भरलेल्या हातांनी निळे झेंडे धरलेल्या आपल्याच बाया. महाडला बाया गेल्या होत्या, नाशिकला काळारामाच्या दारात बसल्या, नामांतरात लाठ्या खाल्ल्या. ते हात भ्याडपणाची खूण कसे झाले? 'बायकी', 'बायल्या' हे शब्द वक्त्याच्या तोंडून जातात आणि पुरुषांतून टाळ्या पडतात. पहिल्या रांगेतल्या माउल्या टाळ्या वाजवत नाहीत, हे स्टेजवरून दिसत नसावे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी होऊ नये, मैत्रीण आणि बरोबरीची व्हावे. त्यांनी निवडलेला शब्द पाहा. मैत्री हा बुद्धाचा शब्द. पण 'ही माझी मैत्रीण' असे एखाद्या आपल्या तरुणाने वस्तीत सांगितले की आजही माना वळतात, आणि तीच मुलगी 'हा माझा मित्र' म्हणाली की तिच्या घरी निरोप जातो. मित्र शब्दाला संशय चिकटत नाही, पण मुलीने तो उच्चारला की चिकटतो.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येईल. सरकारी कागदावर आई आली. त्याच निर्णयात विवाहित स्त्रियांच्या नावाची आधीची पद्धत, म्हणजे तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव, तशीच ठेवली आहे. मुलाच्या नावात आई असेल, पण त्या आईच्या स्वतःच्या नावात तिची आई नसेल. फलटणच्या तहसील कचेरीत, शाळेत, रेशनच्या दुकानात येत्या काही वर्षांत हे दोन्ही कागद एकाच खिडकीवर येतील. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्या मुलींनी त्या खिडकीवरचा अर्ज नीट वाचावा. आणि विधवा भगिनीच्या अर्जावर कोणी गं. भा. लिहिले तर ते खोडून आयुष्मती लिहावे.